स्विफ्टच्या चार पिढ्या: पत्रा नंतर बघा, आधी इंजिन बघा

पिस्टनपंत

जुनी स्विफ्ट घ्यायची म्हटलं की चर्चा लगेच "जुना शेप की नवा शेप" इथे जाते. माझ्या मते या गाडीची पिढी दिव्यांवरून मोजू नये, बॉनेटखाली काय आहे त्यावरून मोजावी. २००५ पासून भारतात बाहेरून चार पिढ्या झाल्या, इंजिनं मात्र पाच-सहा होऊन गेली आणि ती पिढ्यांच्या सीमारेषा पाळत नाहीत.

थोडी पूर्वपीठिका. स्विफ्ट हे नाव परदेशात सुझुकी आधीपासून कल्टस नावाच्या गाडीला वापरत होती. त्याच कल्टसची सेडान आपल्याकडे १९९० मध्ये मारुती १००० म्हणून आली आणि पुढे एस्टीम झाली. त्यामुळे मे २००५ मध्ये आलेली स्विफ्ट दिसायला कोरी करकरीत असली तरी तिचं हृदय एस्टीमचंच होतं: जी१३ मालिकेचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं, ८७ अश्वशक्तीचं पेट्रोल. रूप आलं २००२ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या कन्सेप्ट एस वरून. काळे ए-पिलर (पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब) आणि त्यामुळे तरंगल्यासारखं दिसणारं छप्पर ही खूण चारही पिढ्यांत टिकली.

जानेवारी २००७ मध्ये १२४८ सीसीचं डिझेल आलं, फियाटच्या परवान्यावर बनवलेलं, ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर. २०१० मध्ये १.३ पेट्रोल जाऊन ११९७ सीसीचं के१२ आलं. शेप तोच, इंजिन दुसरं. खरा पिढीबदल मी इथे मानतो. ऑगस्ट २०११ मध्ये दुसरा शेप, फेब्रुवारी २०१८ मध्ये तिसरा, एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद, २०२१ मध्ये पेट्रोलचं नवं ड्युअलजेट इंजिन आणि मे २०२४ मध्ये चौथा शेप, तीन सिलिंडरच्या झेड१२ इंजिनासह.

ज्यांना या गाड्यांची आतून माहिती आहे त्यांनी भर घालावी. "आमची गाडी कशी छान चालते" हे कृपया नको.

आकडेबाज

चांगला धागा. १.३ का गेलं याचं कारण इंजिनात नाही, अर्थसंकल्पात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेल असेल तर १५०० च्या आत. स्विफ्टची लांबी पहिल्यापासून बसत होती. डिझेलही बसत होतं. पेट्रोल तेवढं ९८ सीसीने बाहेर! के१२ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७१.५ मिमी, गुणाकार ११९७ वर थांबतो. उगाच नाही थांबत.

स्विफ्टच्याच सेडानचं, म्हणजे डिझायरचंही तेच. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिमी होती, २०१२ ची ३९९५. डिकी कापली ती कात्रीने नव्हे, करपत्रकाने.

मापं देतो. व्हीलबेस २३९०, २४३०, २४५०, २४५० मिमी. रुंदी १६९०, १६९५ आणि मग एकदम १७३५. मागे तिघं बसणार असतील तर हा फरक जाणवतो. डिकी २३२ लिटर, मग २०४, मग २६८, मग २६५. म्हणजे दुसऱ्या पिढीत गाडी लांब झाली आणि डिकी आखडली. पेट्रोलची टाकी ४३ वरून ४२ आणि शेवटच्या दोन पिढ्यांत ३७ लिटर. मायलेज वाढलं म्हणून टाकी लहान केली, त्यामुळे टाकी फुल्ल करून गाठायचा पल्ला जाहिरातीतल्या मायलेजइतका वाढलेला नाही.

घाटरस्ता

डिझेलबद्दल लिहितो, कारण बाजारात जुनी म्हणून तीच जास्त फिरते.

या इंजिनात टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे. विकणारा "चेन आहे, आयुष्यभर बघायला नको" म्हणतो. अर्धसत्य. साखळीचा ताण ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि साखळीही तशी बारीकच. ऑइल बदलायला उशीर झाला की काजळीने ते घट्ट होतं, टेन्शनर सुस्तावतो, साखळीच्या पिना झिजतात आणि साखळी लांबते. पुढे ती दात सोडते. तेव्हा सहसा आधी रॉकर आर्म तुटतात. नशीब बरं असेल तर व्हॉल्व्ह वाचतात.

तपासायचं असं. गाडी बघायला सकाळी जा आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू करताना बॉनेट उघडं ठेवून साखळीच्या बाजूला, म्हणजे अल्टरनेटरच्या बाहेरच्या पट्ट्याच्या पुलीकडे कान द्या. डबीत खडे हलवल्यासारखी खळखळ एखादा सेकंद आली नि थांबली तर ठीक. दोन-तीन सेकंद टिकली तर साखळी, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट असा सगळा संच बदलायची तयारी ठेवा. नुसती साखळी बदलू नका, झिजलेल्या दातांवर नवी साखळी लवकर मरते.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सोडवून तिथेच उपडं ठेवा. थोडं थरथरेल. उडून पडलं किंवा वाफेचा झोत आला तर पिस्टनच्या रिंगांमधून वायू खाली उतरतोय, गाडी सोडा.

दुसरं दुखणं ईजीआरचं, म्हणजे जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं. सायलेन्सरकडची काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ इनटेकमध्ये एकत्र येऊन डांबरासारखा थर बसतो. लक्षण: २५०० आरपीएमच्या खाली गाडी मेल्यासारखी, मागून काळा धूर, आणि लोक टर्बोला दोष देतात. आधी व्हॉल्व्ह काढून क्लीनरने धुवा, गॅस्केट नवं टाका, मग टर्बोकडे वळा. काही गॅरेजवाले पत्रा टाकून ईजीआर बंद करून देतात. प्रदूषणाला आणि इंजिनातल्या ज्वलनाच्या तापमानाला दोन्हीला वाईट.

मृण्मयी_ग

घाटात ही डिझेल चढावर एकदम ढेपाळते असं खूप जणांकडून ऐकलंय. ते ईजीआरमुळेच, की मूळचंच?

घाटरस्ता

मूळचंही आहे. ७५ अश्वशक्तीच्या या आवृत्तीत टर्बोची भूमिती ठरलेली आहे, पाती फिरत नाहीत. साधारण १८०० ते २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि तेव्हा तुम्ही फक्त १२४८ सीसीच्या अशक्त डिझेलवर असता. वरंध घाटातल्या हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग इतका पडतो की आरपीएम १५०० च्या खाली जातं. वळण संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही. वळणात शिरण्याआधीच पहिला टाका, २२०० च्या वर ठेवा, बाहेर पडल्यावर दुसरा. गाडी तीच, वागणं वेगळं. असं करूनही दम नसेल तर मग ईजीआर, एअर फिल्टर, आणि टर्बोकडून इनटेककडे जाणाऱ्या नळ्यांची चिर बघा. नळीच्या सांध्यावर ऑइलचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर हवा तिथूनच गळते.

नटबोल्ट

घाटरस्ता यांनी साखळीचं सगळं सांगितलं, मी डिझेल फिल्टरचं सांगतो कारण लोक तो विसरतात. फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. डॅशवर त्याचा वेगळा दिवा आहे. तो लागला की तसंच दामटू नका, कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर पाण्याने गंजतात आणि तो खर्च साखळीपेक्षा मोठा. खाली भांडं धरून तळाचा स्क्रू थोडा सैल करायचा, पाणी जाऊन स्वच्छ डिझेल यायला लागलं की आवळायचा. मग हवा काढण्यासाठी फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा. हवा न काढता स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी उतरेल, गाडी चालू होणार नाही.

अवांतर: याच इंजिनाचा एक धागा आपल्या रांजणगावातून जातो. मागणी पुरी पडेना तेव्हा २०१२ मध्ये मारुतीने फियाटच्या तिथल्या कारखान्याकडून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला होता.

आकडेबाज

डिझेलच्याच विषयाला जोडून. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक फक्त १३ शहरांत लागू झालं. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि, अनेकांना आश्चर्य वाटेल, सोलापूर. बाकी देशभर ते व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. बीएस-३ डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-४ मध्ये ५०. म्हणून २०१०-१५ दरम्यानची डिझेल स्विफ्ट घेताना नुसते किलोमीटर विचारू नका, गाडी कुठे नि कशी चालली तेही विचारा. ६० हजार किलोमीटर शहरात रांगलेली आणि १ लाख २० हजार हायवेवर धावलेली यांत दुसरीचं इनटेक जास्त स्वच्छ निघायची शक्यता आहे.

पिस्टनपंत

पेट्रोलकडे वळू. जी१३ ला टायमिंग पट्टा आहे, साखळी नाही. किलोमीटर कमी दिसले तरी रबराचं वय मोजा. २००५-१० च्या गाडीत पट्टा कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला. सोबत टेन्शनर बेअरिंग आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील टाका. मजुरी तीच, पुन्हा उघडावं लागत नाही. २०१० च्या गाडीत जी१३ आहे की के१२ ते कागदावर सीसी बघून ठरवा. १२९८ की ११९७, विषय संपला.

या सगळ्या गाड्यांना आता १५ वर्षं झाली किंवा होतायत. म्हणजे फेरपासिंग, पर्यावरण कर आणि पुढची नोंदणी पाच-पाच वर्षांची. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी भाग त्याला चालणारे आहेत, २००५ ची गाडी तशी बनलेलीच नाही. तिच्या इंधनाच्या नळ्या वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा नळी चिकट लागली तर सगळ्या एकदम बदला, तुकड्यातुकड्याने नको. आणि बाइकसारखी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

के१२ बद्दल तक्रार करायला फार काही सापडत नाही. साखळी आहे, ऑइल वेळेवर असेल तर गुमान चालते.

नटबोल्ट

एक सापडतं. के१२ मध्ये प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. गाडी आयडलला लंगडायला लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकला की काही ठिकाणी चारही कॉइल आणि चारही प्लग बदलायला सांगतात. गरज नाही. साधा स्कॅनर लावा. पी-०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्याची कॉइल अदलाबदल करा. दहा मिमीचा एकेक बोल्ट आणि कनेक्टर, पाच मिनिटांचं काम. कोड पुसा, परत चालवा. आता पी-०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तीच एक कॉइल बदला. पी-०३०१ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, त्यानेही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कम्प्रेशन. कॉइल ओढताना वरून पिरगाळून मग उचला, नाहीतर रबरी टोपण प्लगवर तुटून राहतं.

आणि लुकलुकत्या दिव्यावर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं.

मृण्मयी_ग

छान समजावलंत. आता मूळ प्रश्न. बजेटमध्ये २०१४-१७ ची दुसरी पिढी किंवा २०१८-१९ ची तिसरी, दोन्ही पेट्रोल. चालवणं मुख्यतः पुणे शहर, महिन्यातून एकदा कोकण. आईला गुडघ्याचा त्रास आहे आणि मुलगी सहा वर्षांची.

पिस्टनपंत

इंजिन दोन्हींत के१२ च, त्यामुळे इथे माझं घोषवाक्य बाजूला ठेवतो आणि पत्रा बघू. तिसऱ्या पिढीत हार्टेक्ट सांगाडा आला आणि पेट्रोल गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत उतरलं, दुसऱ्या पिढीपेक्षा शंभरेक किलो कमी. इंजिन तेच ठेवून कंपनीचा मायलेजचा आकडा २०.४ वरून २२ वर गेला. गर्दीतल्या पुण्यात हलकी गाडी जास्त फायद्याची, कारण दर सिग्नलला तेवढं वजन पुन्हा हलवावं लागतं.

तोटे: जमिनीपासूनची उंची १७० वरून १६३ मिमी झाली. गावाकडच्या उंच गतिरोधकावर पाचजण बसले की पोट घासतं. आणि मागच्या दाराचं हँडल. तिसऱ्या पिढीत ते खिडकीच्या मागच्या काळ्या पट्टीत, उभं लपवलेलं आहे. दिसायला तीन दाराची गाडी वाटावी म्हणून केलेला उद्योग. सहा वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचणार नाही, आणि गुडघा धरून उभ्या असलेल्या बाईंना खांद्याच्या उंचीवर हात नेऊन दार ओढावं लागेल. चौथ्या पिढीत ते हँडल निमूटपणे दारावर परत आणलं.

आकडेबाज

मूल बसणार असेल तर सुरक्षिततेचा मुद्दा आधी. २०१४ मध्ये गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने एअरबॅग नसलेली भारतीय स्विफ्ट आपटली, शून्य तारे. २०१८ मध्ये दोन एअरबॅगची तिसरी पिढी, दोन तारे आणि सांगाडा अस्थिर असा शेरा. २०२२ मध्ये नवे, कडक निकष लागल्यावर तीच एका ताऱ्यावर आली. तरी दोहोंत निवड असेल तर २०१८ नंतरची, कारण दोन एअरबॅग, एबीएस आणि आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायचे हूक) सगळ्या प्रकारांत आहेत. दुसऱ्या पिढीच्या खालच्या प्रकारांत एअरबॅग नसते, विकणाऱ्याच्या तोंडावर न जाता स्टिअरिंगवर आणि डॅशवर एसआरएस अक्षरं आहेत का ते बघा.

"हलका सांगाडा म्हणजे पत्र्याचा डबा" हे मात्र मला पटत नाही. त्याच हार्टेक्टवर २०२४ ची डिझायर पाच तारे घेऊन आली. वजन हा प्रश्न नव्हता, पोलाद कुठे नि कोणतं घालायचं हा होता.

कोकणवारा

कोकण आणि गोव्याकडच्या गाड्यांसाठी भर. गंज वरून दिसत नाही. दाराच्या खालच्या कडेची शिवण बोटाने चाचपा, रंग फुगलेला लागला तर आत गेलेला आहे. मागच्या चाकाच्या कमानीची आतली ओठासारखी घडी, डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा, आणि पुढच्या पायपुसण्याखालचा गालिचा. गालिचा ओला असेल तर एसीची पाणी काढायची नळी तुंबलीय. पाणी बाहेर न पडता आत सांडतं. नळी साफ करणं दहा मिनिटांचं, पण वर्षभर तसंच राहिलं असेल तर गाडीच्या तळाचा पत्रा गेलेला असतो.

पुढून खड्ड्यात "टक टक" येत असेल तर घाबरू नका, बहुतेकदा स्टॅबिलायझरची लिंक असते, स्वस्त आहे. "धड धड" असेल तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरचं माउंटिंग. चारही पिढ्यांत पुढे मॅकफर्सन आणि मागे टॉर्शन बीम, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजला ही गाडी कळते. ही हिची खरी ताकद.

मृण्मयी_ग

एएमटी घेऊ का? आणि सीएनजी?

घाटरस्ता

२०१८ च्या एएमटीला हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) नाही, ते ईएसपी या घसरण रोखणाऱ्या यंत्रणेबरोबर २०२१ पासून एएमटीत आलं. एएमटी म्हणजे साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्स, फक्त पाय आणि हाताचं काम यंत्र करतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर क्लच जळतो. हँडब्रेक ओढा, ॲक्सिलरेटर द्या, मग सोडा. घाटात मॅन्युअल मोडवर टाका, नाहीतर ऐन वळणात वरचा गिअर टाकून बसते.

जुनी घेताना क्लचची परीक्षा: सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम उसळलं आणि वेग मागे राहिला तर क्लच संपलाय. एएमटीत ही परीक्षा मॅन्युअल मोडमध्ये करायची.

नटबोल्ट

कंपनीची सीएनजी स्विफ्ट ऑगस्ट २०२२ पासून. २०१८-१९ ची सीएनजी दिसली तर ती बाहेरून बसवलेली. आरसीवर नोंद आणि टाकीच्या पट्टीवरची तारीख बघा, टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी सक्तीची आहे. ५५ लिटरच्या टाकीत डिकी जवळजवळ संपते. कोकणात सामान घेऊन जाणाऱ्या चौघांनी विचार करावा.

पिस्टनपंत

चौथ्या पिढीवर कोणी बोललंच नाही. झेड१२ म्हणजे तीन सिलिंडर, बोअर ७४, स्ट्रोक ९२.८, तेच ११९७ सीसी. आधीचं ड्युअलजेट ९० अश्वशक्तीचं, हे ८२ च्या आसपास. टॉर्क जवळजवळ सारखा, ११३ विरुद्ध ११२. शहरात फरक कळणार नाही. हायवेवर ८० वरून ११० ला ओव्हरटेक करताना जुन्या चार सिलिंडरची आठवण येईल. आयडलला थरथर आहे, कारण तीन सिलिंडरमध्ये स्फोट २४० अंशांनी होतो, चारात १८० नी. त्या बदल्यात २४.८ चा आकडा आणि सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत.

म्हणून मृण्मयीताई, बजेट थोडं ताणता आलं तर २०२१-२३ चं ड्युअलजेट शोधा. नाहीतर २०१८-१९ ची मॅन्युअल पेट्रोल, पहिल्या मालकाची.

मृण्मयी_ग

धन्यवाद सगळ्यांना. रविवारी एक २०१९ ची बघायला जातेय, ३१ हजार किलोमीटर सांगतायत. ते खरे का, कसं ओळखू?

नटबोल्ट

टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३१ हजारांत मूळचे टायर अजून असायला हवेत. चारही २०२२ चे निघाले तर विचारा का बदलले. आणि पाचवा, डिकीतला, विसरू नका. गाडीचं खरं वय तोच सांगतो, कारण तो बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मग ब्रेक पेडलच्या रबराची उजवी कड बघा. ३१ हजारांत रेघा शाबूत असतात.